दोन ट्रिपांचं रिव्हेट

हँडल माझ्या हातात होतं आणि बॅग वीस पावलं मागे.

मला पत्ताच नव्हता. मी फोनवर भावाशी भांडत होते. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची पाळी त्याची होती, आणि तो म्हणत होता माझी. मी बसमधून उतरून थेट ऑफिसला निघालेले, डोकं तापलेलं, पाय आपले चालतायत… आणि मागून हाक आली.

"ओ मॅडम! सामान इथंच राहिलं. का नुसता दांडाच घेऊन निघालाय?"

वळून बघितलं. फुटपाथवर माझी बॅग तोंडावर आपटलेली. तिच्या शेजारी, एका चिंचोळ्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस उभा. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि चक्क हसत होता.

"हसायला काय झालं?"

"हसत नाहीये. चेहराच असा आहे."

"मग तो आधी दुरुस्त करा. पाटी तर दुरुस्तीचीच दिसतेय."

त्यानं पाटीकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच वाचतोय. "बॅगांची आहे हो. चेहऱ्यांची सोय नाही." आणि मला न विचारता बॅग उचलून आत घेऊन गेला. मी मागोमाग. दुसरं काय करणार? माझ्या हातात दांडा होता, मारायला तरी उपयोगी पडला असता.

आत डिंकाचा आणि चामड्याचा वास. भिंतभर चाकं लटकवलेली: छोटी, मोठी, झिजलेली, नवी. टेबलावर एका बॅगेचं पोट फाडून ठेवलेलं. त्यानं माझी उलटी केली आणि जीभ चुकचुकवली.

"कुणी घेतली ही?"

"भावानं. वाढदिवसाला. दहा वर्षं बघायला नको म्हणाला."

"भावाशी पटत नाही वाटतं?"

मला हसू येणार होतं. दिलं नाही येऊ.

"आधी आतलं सामान काढा," तो म्हणाला. मी पाठ वळवून आतली पेटी काढली आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. ती पेटी दोन्ही हातांनी धरलेली बघून त्यानं भुवया उचलल्या.

"काय आहे एवढं? विटा?"

"हो. विटा."

"बरं… विटांची काळजी घेता हो फार."

आता तुम्हाला सांगते, त्याला सांगितलं नव्हतं. माझं काम वजनकाटे तपासायचं. औषधांचे कारखाने, दवाखाने, प्रयोगशाळा, जिथं मिलिग्रॅम चुकला तर माणूस दगावतो तिथले काटे. त्या पेटीत एक ग्रॅमपासून एक किलोपर्यंत पंधरा प्रमाण वजनं होती, मखमलीच्या खाचेत बसवलेली. हात लावायचा तर मोजे घालून, नाहीतर चिमट्यानं. बोटाच्या घामालाही वजन असतं. ती विमानात सामानात टाकायची नाहीत, बसच्या टपावर ठेवायची नाहीत, सतत जवळ. एक जरी वजन आपटलं, तरी सगळा संच बाद, आणि मी त्याच्यावर तपासलेल्या काट्यांवर प्रश्नचिन्ह. विभागाचा नियम असा, की पेटीत काय आहे ते परक्या माणसाला सांगायचं नाही. पिवळंधमक पितळ बघून लोकांना भलतंच वाटतं.

महिन्यातले अठरा दिवस मी रस्त्यावर. त्यामुळे बॅग हा माझ्यासाठी शौक नव्हता. पण मी ती निवडली कशी? तर निवडलीच नाही. दिली, घेतली.

"हे बघा," त्यानं तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. डाव्या अंगठ्याचं नख हातोडी बसून काळं पडलेलं. "हँडलचे दोन दांडे बॅगेला चार रिव्हेटनी धरलेत. खिळ्यासारखं असतं, दोन्हीकडून ठोकून बसवतात. सगळा भार ह्या चौघांवर. कंपनीनं रंगावर खर्च केला आणि इथं हात आखडला. घेताना लोक काय बघतात? रंग. मी म्हणतो बॅग उलटी करा, पोट बघा. आत वजन टाकून हँडलला धरून गदागदा हलवा, सगळ्यांसमोर. लाज वाटली तर बॅग घेऊ नका."

"आणि चाकं?"

"चार चाकं असली की फरशीवर नाचते. रस्त्यावर खडा आला की संपली. तुम्ही कुठं चालता, फरशीवर का खड्ड्यांवर?"

"खड्ड्यांवर."

"मग दोन मोठी चाकं हवीत. अर्धी बॅगेच्या पोटात बसलेली. आणि चेनचे दात जाड." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या या. होईल."

उद्या गेले. झालं होतं. काळीभोर चार रिव्हेटं, सुबक ठोकलेली. वर हँडलच्या मुठीला मऊ चामडं गुंडाळलेलं. ते मी सांगितलंच नव्हतं.

"हे कशाला?"

"तळहाताला वळ पडलाय तुमच्या. काल दिसला."

मी हात मागे घेतला. काय आगाऊ माणूस, असं पुटपुटत बाहेर पडले. रागच आला होता. नाही, खरंच राग होता. निदान कोपऱ्यापर्यंत तरी.

दोन ट्रिपा झाल्या आणि हँडल परत निघालं.

मी दुकानात गेले ती ओरडतच. "ह्याला काम म्हणतात? माझी आई सुतळीनं ह्याहून घट्ट बांधते!"

"मग आईंना पाठवा," तो म्हणाला, "नोकरी देतो." आणि स्टूल पुढे सरकवलं.

तिसऱ्यांदा मी त्याला बेजबाबदार म्हणाले. तो म्हणाला, "एवढंच? मागच्या वेळी जास्त शिव्या होत्या. बरं नाहीये का?" मी प्रवासात काय काय नेते ते त्यानं विचारून घेतलं, आणि टाकाऊ कापडातून एक पसरट पिशवी शिवली. चार्जर, वायरी, टॉर्च, सगळ्याला वेगळा कप्पा, अंधारातही हाताला लागेल असा. "तुम्ही बॅगेत हात घालून शोधता ना, तेव्हा फार चिडता," म्हणाला.

"तुम्ही कधी बघितलंत?"

"दर वेळी पावती शोधता ना…"

चौथ्यांदा दोघं अर्धा तास चाकाच्या बेअरिंगवर भांडलो. त्यानं दोन चाकं माझ्या दोन्ही कानांशी फिरवली. "ऐका. हे कुरकुरतंय, हे गप आहे. गप असलेलं चाक चांगलं."

"म्हणजे मी वाईट."

त्याचा हात थांबला. चाक माझ्या कानाशी आपलं फिरतच होतं… "मी चाकांबद्दल बोलतोय," तो म्हणाला.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, नवी बॅग घे ना!" मी म्हटलं, बघतेय. बघत होते खरं. तीन दुकानांत बॅगा उलट्या करून, गदागदा हलवून आले. एकीतही मन भरलं नाही. कुणाचं चाक वाईट, कुणाची चेन. हो, हो… कळतंय मला, तुम्ही गालातल्या गालात का हसताय ते.

मग तो मंगळवार आला.

औषधांचा कारखाना. लिफ्ट बंद. मी बॅग हँडलनं ओढत जिना चढत होते. वरच्या पायरीवर पोचले आणि हँडल हलकं झालं. मला वळायलाही वेळ मिळाला नाही. बावीस पायऱ्या होत्या. मोजल्या मी, एकेक आवाजासकट. खालच्या फरशीवर बॅगेची चेन फाटली, पेटीची कडी उघडली, आणि एक किलोचं वजन मखमलीतून निसटून टणटणत वॉचमनच्या बुटापाशी गेलं. त्यानं ते उघड्या हातानं उचललं.

"ताई, तुमचं डंबेल."

मी पायरीवरच बसले. वजनाच्या कडेला पोचा होता. नखाएवढा. नखाएवढा म्हणजे माझ्या धंद्यात डोंगराएवढा.

तिथला काटा मी तपासला नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहून विभागाला स्वतःच कळवलं. दुपारी प्रयोगशाळेत बसले. समोर बॅगेच्या कंपनीचं मूळ एक रिव्हेट, पहिल्या दिवशी बॅगेच्या तळाशी सापडलेलं, आणि सकाळपर्यंत हँडल धरून बसलेली त्याची चार. आकार तोच, काळा रंग तोच. कशी कुणास ठाऊक, चिमट्यानं उचलून एकेक काट्यावर ठेवली.

मूळचं: एक पॉइंट नव्वद ग्रॅम.

त्याचं: शून्य पॉइंट सहासष्ट.

चारही. पोलाद नव्हतं ते, मऊ ॲल्युमिनियम होतं. जो माणूस कानाशी चाक फिरवून बेअरिंग ओळखतो, त्याचा हात चुकून भलत्या डब्यात जात नाही. त्यानं मुद्दाम मऊ घातलं होतं. एकदा नाही, चारदा. दोन ट्रिपा टिकेल, तिसरीत तुटेल, इतकं मापून.

तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी रिक्षातही बसले नाही. चालतच गेले, म्हणजे वाटेत राग थंड होणार नाही.

तो कुणाची तरी ट्रंक शिवत होता. मला बघून चेहरा उजळला. हातात बॅग नाही हे बघून गोंधळला. मी चारही रिव्हेटं त्याच्या टेबलावर आपटली.

"किती ट्रिपांची आहेत ही?"

त्याच्या हातातली सुई तशीच राहिली. "दोन…" तो हळूच म्हणाला.

"खोटं तरी बोलायचंत!"

"मॅडम, मी सांगणार होतो—"

"विटा नव्हत्या त्या! प्रमाण वजनं होती. त्यावर दवाखान्यातले काटे तपासते मी. लहान पोरांना औषध मोजून देतात ना, ते काटे! आज ती जिन्यावरून पडली. शुक्रवारी अकरा वाजता माझी चौकशी आहे, तुमच्या कृपेनं. बाहेरची कामं जातील, कदाचित नोकरीही जाईल. नऊ वर्षांत माझ्या हातून एक मिलिग्रॅम सांडला नव्हता. आणि तुम्ही… तुम्ही गंमत केलीत!"

"मला वाटलं कपडे असतील… फार तर पुस्तकं…"

"कपडे असते तर चाललं असतं?"

त्यानं मान खाली घातली. "नाही," म्हणाला. "नसतं चाललं."

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. मला भांडायचं होतं. मी वळले आणि निघाले. ह्या वेळी मागून हाक आली नाही.

शुक्रवार. लांब टेबल. मधे मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांच्यासमोर काटेही घाबरून सरळ उभे राहतात असं आम्ही म्हणायचो. उजवीकडे तांत्रिक साहेब, डावीकडे एक लेखनिक, जो बोललेलं सगळं लिहून घ्यायचा. खोकलासुद्धा.

"बॅगेचं हँडल सदोष आहे हे तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच दार उघडलं. शिपाई मागून ओढत होता आणि तो पुढे येत होता. इस्त्रीचा शर्ट, घड्या अजून उठलेल्या. कानामागे पेन्सिल तशीच, विसरला असणार.

"हँडल मी बसवलं होतं," तो म्हणाला. "ह्यांची चूक नाही. मी मुद्दाम कच्चं बसवलं. चार वेळा."

"तुम्ही कोण?" बाई.

"बॅगा दुरुस्त करतो. वीस वर्षं झाली. पाहिजे तर लिहून देतो, सहीनं."

"मुद्दाम? कशासाठी? जास्त पैसे मिळावेत म्हणून?"

"नाही. पहिल्या वेळेनंतर घेतलेच नाहीत." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "ह्या परत याव्यात म्हणून. चांगलं बसवलं असतं तर दहा वर्षं तुटलं नसतं. मग ह्या दहा वर्षं आल्या नसत्या… मला तेवढं थांबता आलं नसतं."

पंख्याचा आवाज मोठा झाला. लेखनिकाचं पेन वर गेलं. "बाई, हे… असंच लिहू?"

"मग काय सुधारून लिहिणार?" बाई म्हणाल्या. "लिहा."

मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. त्याला ढकलून मगच. अख्ख्या खात्यासमोर! सरकारी कागदावर! कान तापले होते माझे. तेवढ्यात बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे मोर्चा वळवला.

"त्याचं कळलं. आता तू सांग. बोटाच्या घामाचं वजन पकडणारी बाई तू. एकच हँडल, एकच माणूस, तीन महिन्यांत चार वेळा. ते रिव्हेट काट्यावर ठेवून बघावं असं एकदाही वाटलं नाही?"

मी समोरची फाईल सरळ केली.

"वाटलं नाही?"

"वाटलं होतं."

"मग?"

"नाही ठेवलं."

"का?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथं शाईचा एक डाग होता. "ठेवलं असतं तर… कळलं असतं, बाई."

पुन्हा तोच पंखा. तांत्रिक साहेब खोकले. लेखनिकानं अगदी हळू आवाजात विचारलं, "हेही?"

"हेही," बाई म्हणाल्या.

निकाल दहा मिनिटांत आला. पडल्यानंतर मी काटा तपासला नाही आणि स्वतः कळवलं, म्हणून आधीची सगळी कामं ग्राह्य. वजनं फेरतपासणीला जाणार. सदोष बॅगेतून ती नेली म्हणून मला दोन महिने बाहेरची कामं बंद, टेबलावर बसायचं. आणि शेवटचं कलम बाईंनी स्वतः सांगितलं: विभागातली कुठलीही बॅग ह्या माणसाच्या दुकानात जाणार नाही.

"योग्य आहे," तो म्हणाला. असा म्हणाला, की बाईंनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. दोन्हीकडची दारं फटीएवढी उघडी होती, प्रत्येक फटीत एकेक डोळा.

"अक्कल आहे का? कुणी बोलावलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"एवढी हौस होती तर दुकानात बोलायचं होतंस. स्टुलावर बसले होते ना मी, चार-चार वेळा! 'चहा घेता का' एवढंही विचारलं नाहीस. बॅग पाडता येते आणि चहा विचारता येत नाही?"

"भीती वाटायची… नाही म्हणालात तर?"

"म्हणून माझी हाडं मोडायची?"

"हाडं नाही, रिव्हेट—"

"गप्प बस!"

तो बसला गप्प. मग खिशातून हात काढून म्हणाला, "मी चुकलो. गंमत वाटत होती मला, ती गंमत नव्हती. माफ करा म्हणत नाही. तेवढं लवकर नको." आणि जिन्यानं खाली गेला. मी कठड्यावरून त्याचं डोकं लहान लहान होत जाताना बघत राहिले. एवढा राग आला होता, एवढा, की डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच.

एकोणीस दिवस मी टेबलावर बसून फायली सरकवल्या. घरी आई म्हणाली, "काय गं, भिंतींवर का खेकसतेस?" भाऊ म्हणाला, "मी नवी बॅग आणू का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आईला घेऊन मुकाट्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला.

विसाव्या दिवशी मी रजा टाकली.

तो पायरीवरच होता, एक चाक बसवत. सावली पडली तसं वर बघितलं. मग माझ्या हातांकडे. मग माझ्या मागे, फुटपाथवर काही पडलंय का म्हणून.

"बॅग?"

"नाही आणली."

"काही तुटलंय?"

"काहीच तुटलेलं नाही."

"मग…" त्यानं चाक खाली ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं. हातांचं काय करायचं ते त्याला समजेना. "मग मी काय करू?"

"शटर ओढ."

"आत्ता? दुपारचे बारा वाजलेत."

"मग काय गिऱ्हाइकांसमोर ओरडू तुझ्यावर? माझा राग संपलेला नाही. पुष्कळ शिल्लक आहे. मला चालत चालत ओरडायचंय, आणि तू शेजारून चालत ऐकायचंस. मधे बोलायचं नाही."

तो उभा राहिला. हात पुसले, तरी डिंकाचेच राहिले.

"कुठपर्यंत?"

"नदीपर्यंत."

त्यानं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. एक हात अंतर ठेवून, शहाण्यासारखा. मी दहा पावलं चालले. तोंड उघडलं, पण नेमकं कुठून सुरू करावं सुचेना.

"नदीपर्यंत नाही संपला तर?" त्यानं विचारलं.

"मधे बोलायचं नाही म्हटलं ना."

"नाही बोलत."

"नाही संपला तर…" मी त्याची बाही धरली, रस्ता ओलांडायचा होता म्हणून, "परत येताना."

रस्ता ओलांडला. बाही मात्र सोडली नाही.